चपटा लाडू

नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याकडे गॅस न पेटवता लाडू झाले. पाव किलो मारी बिस्किटं लाटण्यानं कुटली, कंडेन्स्ड मिल्क आणि कोको घालून मळली, गोळे खोबऱ्याच्या किसात लोळवले. विस्तवाचा संबंध नसल्यामुळे हिनं स्वयंपाकघर मुलांच्या आणि (नाइलाजानं) माझ्या ताब्यात दिलं. शेजारच्या आंटी दरवर्षी कुलकुल पाठवतात, त्याची ही परतफेड.

धाकटीनं आपला चपटा, पाचही बोटं उमटलेला लाडू ताटलीत मधोमध ठेवला. मी तो हळूच उचलून तिथं गोल लाडू ठेवला.

"दुसऱ्याला द्यायचं ते चांगलं द्यावं, बाळ."

"पण बाबा, गोल तुम्ही केलेत. मग मी काय दिलं?"

कठोपनिषदात नचिकेताच्या बापानं म्हाताऱ्या गाई दान केल्या आणि पोरगं प्रश्न विचारू लागलं. मी तर धडधाकट गाई देत होतो, तरी तीच पाळी! त्यानं रागावून मुलाला यमाला देऊन टाकलं. मी नुसतं "बरं" म्हणालो.

ताटली आम्ही दोघांनी धरून नेली. चपटा लाडू मधोमधच होता. जिन्यात मी फक्त त्याची बोटांची बाजू खाली केली.