किडीचं अनेकवचन

सकाळच्या पोह्यांसाठी परसातल्या कढीपत्त्याची डहाळी तोडताना हल्ली हात थोडा थांबतो. कोवळ्या शेंड्यावर, अजून नीट न उलगडलेल्या पानांच्या बेचक्यात, जेमतेम तीन मिलिमीटरचे करडे-तपकिरी किडे बसलेले असतात. डोकं खाली, मागची बाजू वर, जणू दंडवत घालायला वाकलेत. शेजारी त्यांची चपटी, पिवळसर पिल्लं आणि त्यांनी सोडलेले मेणाचे पांढरे दोरे. ही सिट्रस सायला. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला, त्यामुळे तिला इथेही घरच्यासारखंच वाटतं.

संत्र्याच्या बागेत मात्र तिचं नाव निघालं की चेहरे उतरतात. नवतीतला रस शोषता शोषता ती ग्रीनिंग रोगाचा जिवाणू एका झाडातून दुसऱ्या झाडात नेते. पानं ठिकठिकाणी पिवळी पडतात, फळ बारीक आणि वेडंवाकडं राहतं, आणि लागण झालेलं झाड पुन्हा बरं करणारं औषध अजून हाती नाही. भारतात हा रोग सायला पसरवते हे एस. पी. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिलं. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये सापडली, रोग २००५ मध्ये. तिथलं संत्र्याचं पीक २००३-०४ साली सुमारे २४ कोटी पेट्या होतं, ते २०२३-२४ मध्ये दोन कोटींच्याही खाली आलं. त्यात चक्रीवादळांचा वाटा होताच, पण झाडं आतून पोखरली ती या रोगानं.

‘कीड लागली’, ‘कीड पडली’ असं आपण म्हणतो. नेहमी एकवचनात. शास्त्रज्ञांनी मात्र तिला तिचं माहेर विचारलं. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए लेकरांना फक्त आईकडून मिळतो, म्हणून त्यावरून आईची, आजीची, पणजीची वाट मागे शोधता येते. तसं शोधल्यावर सायलाची दोन मोठी घराणी निघाली, एक नैऋत्य आशियातलं, दुसरं आग्नेय आशियातलं. फ्लोरिडा, टेक्सास, मेक्सिकोत पोचली ती पहिल्या घराण्यातली, ब्राझीलमध्ये दुसऱ्या. दिसायला सारख्याच, पण वेगळ्या दारांनी आलेल्या.

असं वेगळेपण एकाच बागेतल्या सायलांमध्येही असतं, आणि हीच तिची शिदोरी. एकाच औषधाची फवारणी पुन्हा पुन्हा झाली की ज्या मरायच्या त्या मरतात, आणि ज्यांच्या अंगी ते पचवायची ताकद असते त्या मागे उरतात. पुढची पिढी त्यांची. पंपात औषध तेच असतं, समोरची सायला तीच राहिलेली नसते.

आणि बाग? तिच्याबद्दल आपण अनेकवचनात बोलतो. पाचशे झाडं, हजार झाडं. पण जंबेरी लिंबाच्या खुंटावर निवडक मातृवृक्षांचे डोळे बांधून उभी केलेली ती झाडं एकमेकांची जवळजवळ नक्कलच. गोडी सगळ्यांची सारखी, तसा धोकाही सारखा. एकवचनात ज्याला संबोधतो ते अनेक आहे, आणि अनेकवचनात मोजतो ते एक!

कॅलिफोर्नियाच्या संशोधकांना याची जाण होती. सायलाच्या पिल्लांवर जगणारी टॅमॅरिक्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी त्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबातून नेली. पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढवताना सगळ्या एकसारख्या होऊ नयेत म्हणून तिचे १७ वंश वेगवेगळे सांभाळले. २०११ च्या डिसेंबरात मोकळ्यावर सोडायची वेळ आली तेव्हाच ते एकत्र केले. अनेकवचनाशी झुंजायला पाठवायचं तर तेही अनेकवचनीच हवं.

आज डहाळी तोडता तोडता एका पिल्लावर नजर गेली. ते वाळून तपकिरी झालं होतं, फांदीला चिकटलेलं, आणि त्याच्या पाठीला एक गोल भोक होतं. त्याच्यावर कोणीतरी आपली भूक भागवून उडून गेलं होतं. ती गांधीलमाशी आमच्या परसात न बोलावता आलेली. कोपऱ्यातला फवारणीचा पंप मी तसाच राहू दिला. तो शेंडा सोडून खालची पानं खुडली आणि पोह्यांकडे वळलो.