थोमानें पाहिलेले वण

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत थोमा प्रभूच्या हातांवरील वण पाहूं इच्छितो, आणि प्रभु ते त्यास दाखवितो. पुनरुत्थित देहावरही वण राहावेत! आपण मात्र भाजलेल्या भगिनीचा वण पाहून तोंड फिरवितों. म्हणून वण होतो तरी कसा, हें आज आम्ही सांगूं इच्छितों.

कन्नड, पैठण, वैजापूर ह्या बाजूस विळा लागला नाहीं असा हात विरळा. विळा लागतांच रक्त गोठतें व कांहीं तासांत रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें धांवून जंतूंस गिळूं लागतात. एकदोन दिवसांत मोठ्या भक्षक पेशी येतात. १८८२ सालीं मेसिना येथें रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेच्निकॉफ ह्यांनीं ताऱ्यामाशाच्या पिलांस कांटे टोंचले, तेव्हां भक्षक पेशी कांट्याभोंवतीं जमलेल्या दिसल्या. (मुंबईस १८९७ सालीं प्लेगची लस करणारे हाफकीन हे त्यांचेच शिष्य.) ह्या पेशी मेलेलें मांस झाडून काढतात आणि मग स्वभाव पालटून बांधणाऱ्या पेशींस हांक देतात. १९७५ सालीं गिनीपिगांच्या देहांत त्या औषधोपचारानें कमी केल्या, तों जखम स्वच्छ होईना आणि भरावयासही उशीर लागला. झाडणारा व बांधणारा एकाच घरचे आहेत तर!

परंतु झाडणें थांबलेंच नाहीं तर? जखमेंत घाण राहिली कीं दाह चालू राहतो, तंतू अधिकाधिक विणले जातात, वण जाड होतो, सांधा आंखडतो. जखमेंत शेण किंवा तंबाखू भरणारा हेंच करितो. लूक १० मधील शोमरोन्यानें तेल व द्राक्षारस ओतला; त्याच्यापाशीं होतें तें त्यानें दिलें. आपणांपाशीं स्वच्छ पाणी, साबण व धनुर्वाताची सुई आहे.

मधुमेह असलेल्यांची गोष्ट अधिक कठीण. त्यांच्या भक्षक पेशी दाहांतच अडकून राहतात, बांधण्याकडे वळत नाहींत. त्यांत पायाची संवेदना गेलेली, म्हणून जखम दुखत नाहीं व रोगी घरीं बसून राहतो. अशांस विलंब न लावतां दवाखान्यांत, गरज पडल्यास शहरांतील घाटी रुग्णालयांत न्यावें. उपदेशक बंधूंनीं घरोघर भेटी देतांना मधुमेह्यांचे तळपाय व बोटांच्या बेचक्या स्वतः पाहाव्या. त्यांत लाज कसली? योहानाचा तेरावा अध्याय आपण दरवर्षीं वाचून दाखवितांच.