महाद्वाराबाहेर

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी, नामदेवाच्या पायरीसमोर संत चोखामेळा, म्हणजेच चोखोबा, यांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना कूस ढासळली आणि त्याखाली ते गेले, ते साल १३३८. ज्या देवळात जिवंतपणी पाऊल ठेवता आले नाही, त्याच्या दारातच त्यांच्या अस्थी विसावल्या. नकार पचवून माणूस आपल्या ध्येयाशी कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न मला या जागी सर्वांत टोकदार वाटतो. कारण चोखोबांना मिळालेला नकार एखाद्या दिवसाचा नव्हता. तो जातीमुळे जन्मापासून ठरलेला होता, आणि कितीही गुण अंगी आणले तरी तो फिरणार नव्हता. तरीही अभंग थांबले नाहीत. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा असे सगळे घरच रचू लागले. याचे कारण मला असे दिसते की चोखोबांनी देव आणि देवाचे दार यांची गल्लत केली नाही. विठ्ठल हे ध्येय, दार पुजारी बडव्यांच्या ताब्यातले. दार मिटले म्हणून विठ्ठलाशी असलेले नाते तोडण्याचा अधिकार बडव्यांना मिळत नव्हता. आपण मात्र बहुधा उलट करतो. संपादकाने कविता परत पाठवली की कवितेवरूनच मन उडते, आणि निवड समितीचा निकाल आपण आपल्या लायकीचा निकाल समजतो.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. हे मनाचे समाधान झाले, अन्याय तर जागच्या जागी राहिला. चोखोबांच्या काही अभंगांत आपल्या जन्माचे खापर पूर्वकर्मावर फुटते, हे खरेच आहे, आणि ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. पण त्याच घरात कर्ममेळा देवालाच जाब विचारतो, आम्हाला हीन का केलेस म्हणून. भक्ती टिकली म्हणजे तक्रार मिटली, असे त्या घरात झाले नाही. शिवाय नाकारणारा चुकलाच असेल, असेही नेहमी नसते. परत आलेली कविता खरोखरच कच्ची असू शकते. तेव्हा तो नकार ऐकलाच पाहिजे. मात्र कच्चेपणाचा नकार आणि जातीचा नकार यांतला फरक ज्याला कवितेची ओढ आहे त्यालाच ओळखता येतो. केवळ छापून येण्याची ओढ असलेल्याला दोन्ही सारखेच अपमान वाटतात.

मग त्याच दारावर किती काळ थांबायचे? याचे उत्तर चोखोबांपाशी नाही, नाशिकला आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला, पण दरवाजे उघडले नाहीत. १९३४ साली बाबासाहेबांनी आपले सहकारी दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून तो थांबवायला सांगितले. लोकांना मूर्तिपूजक बनवण्यासाठी हा लढा नव्हता, त्यांना आपल्या स्थितीची जाण यावी म्हणून होता, अशी त्यामागची भूमिका होती. याला माघार म्हणणे मला चुकीचे वाटते. ध्येय समतेचे होते. मंदिर ही त्या वाटेवरची एक जागा होती, आणि ती जागा काय देऊ शकते ते कळून चुकले होते. पुढच्याच वर्षी हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा झाली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची बौद्ध धर्माची दीक्षा. पंढरपूरचे दार मात्र अस्पृश्यांसाठी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केल्यावर उघडले, चोखोबांनंतर सहा शतकांनी.

एकाने दाराबाहेर राहून विठ्ठल धरला, दुसऱ्याने दारच सोडले. दोघांच्या श्रद्धांमध्ये मोठे अंतर आहे आणि ते बुजवू नये. तरी १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ बाबासाहेबांनी प्रसिद्ध केला, तेव्हा तो ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला ते होते नंदनार, रविदास आणि चोखामेळा.