वायरीच्या मानेपाशी

कंट्रोलर हातात घ्या. खेळायला नाही, नुसता धरायला.

त्याचं वजन तळव्यांत उतरू द्या. अंगठे आपसूक वरच्या दोन दांड्यांकडे जातात. जाऊ द्या. काही दाबू नका.

मधल्या बटणाभोवती दिव्याचं कडं आहे. ते विझलेलं आहे. आता त्याच्याकडे बघा, रागावल्याशिवाय.

एक श्वास.

वायरीचं टोक कंप्युटरमध्ये खोचलेलं आहे. काढा. दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, हब मध्ये न घेता थेट. पुन्हा कड्याकडे बघा.

उजेड आला, तर बिघाड पहिल्या पोर्टमध्येच होता. उठा आणि खेळा. नाही आला, तर बसा. गडबड काही नाही.

टोक बाहेर काढा. उजेडात धरा. आत चार चपट्या पट्ट्या दिसतात.

अजून जवळ आणा.

कडेच्या दोन पट्ट्या जराशा पुढे आल्या आहेत. मधल्या दोन जराशा मागे आहेत. कडेच्या दोघी वीज आणतात, ५ व्होल्टची. मधल्या दोघी बोलणं नेतात-आणतात. टोक आत सरकतं तेव्हा आधी वीज पोचते, मग बोलणं सुरू होतं. १९९६ साली यूएसबी आलं तेव्हापासून हा क्रम असाच आहे.

आधी वीज. मग बोलणं.

एवढंच मनात धरा, आणि वायर दोन बोटांच्या चिमटीत घ्या.

डोळे मिटले तरी चालेल. टोकापासून पुढे सरका. सावकाश. वायर बोटांखालून जाऊ द्या. कुठे चपटी लागते का? कुठे पीळ बसलाय का? सांगू द्या तिला.

वाटेत एक जाडसर जोड लागतो. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० च्या वायरवाल्या कंट्रोलरला तो असतो. कुणाचा पाय वायरीत अडकला, तर ती इथून सुटते आणि यंत्र टेबलावरच राहतं. सुटावा म्हणूनच केलेला जोड. तो अर्धवट सुटला असेल, तरी दिवा येत नाही. दोन्ही बाजू धरा, घट्ट बसवा.

पुढे चला.

आता मान आली. वायर कंट्रोलरच्या अंगात शिरते तिथली, खाचाखाचांच्या रबराची मान.

इथे थांबा.

खेळताना हात हलतात, तशी वायर इथेच वाकते. वरचं आवरण काळं, गुळगुळीत, शाबूत आहे. आत तांब्याच्या बारीक तारांचा जुडगा आहे. त्यातली एक तुटते; कळत नाही. दुसरी तुटते, तरीही कळत नाही. उरलेल्या काम चालवून नेतात. शेवटची तुटते, त्या दिवशी दिवा जातो.

टोक पुन्हा लावा. नजर कड्यावर ठेवा.

मान जराशी डावीकडे वाकवा. थांबा.

उजवीकडे. थांबा.

आतल्या बाजूला हलकेच ढकला. थांबा.

कडं क्षणभर लुकलुकलं? बोट तिथून हलवू नका. ती जागा सापडली.

नाही लुकलुकलं, तरी ठीक. आत बघू.

आधी टोक काढा. मग स्क्रू. सात आहेत, सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे, मधोमध बारीक खुंटी असलेले. त्यांना टी-८ चं, मध्ये भोक असलेलं पेचकस लागतं. साध्या पेचकसानं खटपट करू नका. खाच झिजते आणि मग स्क्रू कुणाचंच ऐकत नाही. सातवा पाठीवरच्या स्टिकरखाली आहे. बोटानं दाबा, खळगा लागेल.

स्क्रू एका वाटीत ठेवा.

झाकण उचला. दोन मोटरी दिसतात, एकीला जड वजन, एकीला हलकं. हातातली थरथर त्यांचीच. त्यांना राहू द्या. वायर जिथे बोर्डाला भेटते, तिथे बघा. लाल, काळी, हिरवी, पांढरी. सोबत उघडी जाळी, बाहेरची खरखर अडवणारी.

या तारा ज्या पिनेत शिरतात, ती बोर्डावरून अलगद सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. एक सळी यूएसबीच्या पट्टीवर, दुसरी त्याच तारेच्या या टोकावर.

आता फक्त ऐका.

काळी. बीप.

हिरवी. बीप.

पांढरी. बीप.

लाल.

लाल.

घाईनं सळी हलवू नका. ही शांतता नीट ऐका. इतका वेळ जे शोधत होतो, ते हेच.

मानेपुढची काळी साल उतरवा. लाल तार दोन बोटांत धरून हलकेच ओढा. एका ठिकाणी आवरण लवचीक होऊन ताणलं जातं. तिथे आत तांबं उरलेलं नाही.

दुखरा तुकडा कापा. चारही तारा कापा, लाल एकटी नको. तिच्या बहिणीही तितक्याच वाकलेल्या आहेत. टोकं सोला. तांबं लखलखीत दिसू द्या. प्रत्येक तारेवर श्रिंक स्लीव्ह आधीच ओवा. डाख दिल्यावर ती आठवते, हा सगळ्यांचाच अनुभव.

रंगाला रंग. पीळ द्या.

सोल्डरिंग आयर्न तारेला टेकवा, डाखाच्या तारेला नाही. तांबं तापू द्या. ६३ भाग कथील, ३७ भाग शिसं असलेलं डाख १८३ अंशांना वितळतं आणि मध्ये न रेंगाळता गोठतं. त्या क्षणी हात स्थिर हवा.

धूर वर येतो. हा श्वास तोंड बाजूला वळवून घ्या. खिडकी उघडी आहे ना?

थंड होऊ द्या. फुंकर नको.

जोड चकाकतोय? चांगलं. मळकट, दाणेदार दिसतोय? पुन्हा तापवा.

स्लीव्ह सरकवा, गरम करा, बसू द्या. मग सळ्या पुन्हा लावा. काळी, हिरवी, पांढरी. लाल.

बीप.

पिन बोर्डावर बसवा. झाकण नुसतं ठेवा. टोक कंप्युटरमध्ये लावा.

कडं उजळलं, तर वीज पोचली. उजळूनही कंप्युटरनं ओळखलं नाही, तर बोलणं अडलंय. हिरवीला हिरवी आणि पांढरीला पांढरीच लागलीय ना, ते बघा. सातही स्क्रू अजून वाटीत आहेत, ते याच कारणासाठी.