विटा मोजणारा फारो आणि नाव घेणारा मोशे

वाचन : निर्गम ३५:३० ते ३६:२



आमच्या मंडळीच्या एका शाळेतील शिपाईमामा सेवानिवृत्त झाले, त्या दिवसाची आठवण आम्हांला अजून बोचते. हार झाला, शाल झाली, हेडमास्तरांचे भाषण झाले. मग गीताची वेळ आली, तर शाळेच्या पेटीचे दोन सूर मुके. मामा सत्काराच्या खुर्चीवरून उठले, पेटी उघडली, कुठे फुंकर घातली, कुठे नखाने काही सारखे केले, आणि दहा मिनिटांत सूर बोलू लागले. लहानपणी वडिलांच्या हाताखाली ते हे काम शिकले होते! सव्वीस वर्षे त्यांनी आमच्या शाळेची घंटा दिली आणि सव्वीस वर्षे आम्ही त्याच पेट्या दुरुस्तीसाठी बाजारात पाठवीत होतो. आम्ही स्वतः व्यवस्थापक समितीवर होतो. "मामा, हे कधी बोलला कसे नाहीत?" असे आम्ही विचारले. मामा हसून म्हणाले, "नोकरीच्या अर्जात तो रकाना नव्हता, साहेब."

त्या रात्री आम्ही निर्गमाचे पुस्तक उघडले. पाचव्या अध्यायात एक धनी भेटतो. त्याचे नाव फारो. त्याच्या वहीत एकच रकाना आहे : आज विटा किती पाडल्या? पेंढा मिळो न मिळो, विटांचा आकडा कमी होता कामा नये. पुढे पस्तिसाव्या अध्यायात त्याच लोकांमधून सोनार निघतात, रत्नांना पैलू पाडणारे निघतात, लाकडावर कोरीव काम करणारे, वेलबुट्टी काढणारे निघतात. बकऱ्यांचे केस कातणाऱ्या बायका निघतात. माणसे तीच होती. फारोने मात्र त्यांच्या हातांत विटांपलीकडे काही पाहिले नाही.

मोशे काय करतो? तो सर्व लोकांसमोर बसालेलाचे नाव घेतो, त्याच्या बापाचे व आजाचे नाव घेतो, आणि हे कसब देवाच्या आत्म्याने दिले आहे असे सांगतो. बसालेल यहूदा वंशाचा, आणि त्याचा जोडीदार अहलियाब दान वंशाचा. गणनेच्या दहाव्या अध्यायात छावणी कूच करते तेव्हा यहूदाचा झेंडा सर्वांच्या पुढे आहे आणि दानाचा सर्वांच्या मागे. म्हणजे शोध पहिल्या रांगेपाशी थांबला नाही. आणखी एक गोष्ट चौतिसाव्या वचनात आहे, ती आपण वाचताना सहज ओलांडून जातो : देवाने या दोघांना शिकवण्याचीही बुद्धी दिली. निवासमंडप दोघांच्या हातांनी उभा राहणार नव्हता.

आता आपल्या अलीकडच्या काळाकडे येऊ. विल्यम कॅरी हिंदुस्थानात १७९३ साली आले. त्यापूर्वी इंग्लंडात ते केटरिंगच्या थॉमस गॉच या व्यापाऱ्यासाठी जोडे शिवीत. कॅरींचा जीव मात्र भाषा शिकण्यात. त्यांच्या चरित्रात सांगितले आहे की, गॉचने त्यांची आठवड्याची कमाई विचारली. ती नऊ-दहा शिलिंग भरली. तेव्हा त्याने थट्टेने सांगितले की यापुढे माझे चामडे खराब करू नका, भाषांचा अभ्यास करा, आठवड्याला दहा शिलिंग मी माझ्या पदरचे देईन. हा धनी आम्हांला फार आवडतो. त्याला या अभ्यासातून जोड्यांचा एकही जोड मिळणार नव्हता.

पुढे कॅरी हुगळीकाठच्या सेरामपूरला स्थिरावले. तेथील छापखान्यात पंचानन कर्मकार हे लोहारकुळातले कारागीर अक्षरांचे ठसे कोरीत. त्यांनी ही विद्या आपले जावई मनोहर यांना शिकवली. थोड्याच वर्षांत पंचानन वारले, पण काम अडले नाही. मनोहर पुढे दीर्घकाळ ठसे घडवीत राहिले. त्याच छापखान्यातून १८०५ साली कॅरींचे मराठी व्याकरण आणि १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला.

परंतु पंचाननांनी शिकवले ते जावयाला. परक्याला शिकवताना कारागिराच्या मनात एक भीती असते : मी सारे शिकवले, की धन्याला माझी गरज काय? ही भीती खोटी आहे असे म्हणून चालणार नाही. कमी पगाराचा शिकाऊ तयार झाला की जुन्या माणसाला घरी बसवणारे धनी आम्ही पाहिले आहेत. ही भीती घालवणे कामगाराच्या नव्हे, धन्याच्याच हाती आहे. शिकवणाऱ्याची जागा पक्की राहील, त्याला वेळ मिळेल, शिकवण्याचा मोबदला मिळेल, हे त्याने आधी सांगावे.

आणि येथे आपल्या मंडळ्यांना थोडे कडू बोलावे लागेल. कारकुनाचे अक्षर सुंदर, म्हणून सर्व दाखले रात्री जागून त्यानेच लिहायचे; ड्रायव्हरला गाता येते, म्हणून नाताळातला त्याचा प्रत्येक सुटीचा दिवस आपला. वर म्हणायचे, "प्रभूची सेवा आहे!" स्वखुशीने दिलेली सेवा ती सेवा, धन्याला नाही म्हणता येत नाही म्हणून केलेली ती वेठ. याकोबाच्या पाचव्या अध्यायातील अडकवून ठेवलेल्या मजुरीची हाक आपल्या कचेरीतूनही जात असेल. एखाद्याला आपले कसब घरापुरतेच ठेवायचे असेल, तर तेही त्याचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा कारखाना नाही. पण घरी भांडी घासायला बाई येते, दुकानात एक पोऱ्या असतो. नामानाच्या घरी धरून आणलेली एक लहान मुलगी होती. तिला ठाऊक होते ते त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. तिच्या धनिणीने ते ऐकून घेतले, एवढेच तिने केले, आणि नामानाचे कोड गेले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. निवासमंडपाचा धडा येईल तेव्हा मंडळीतल्या एखाद्या सुताराला वर्गात बोलवावे. बाभळीचे लाकूड रंध्याला कसे लागते, ते तो सांगेल. त्याची मुलेही त्याच वर्गात बसलेली असतील.

मामांची गोष्ट राहिली. पुढच्या सभेत समितीने ठराव केला : दर शनिवारी दोन तास, ठरलेल्या मानधनावर, मामांनी इच्छुक मुलांना पेटीची दुरुस्ती शिकवावी. मामांना आम्ही घरी जाऊन विचारले. त्यांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. पहिल्या शनिवारी नववीची चार मुले पेटीभोवती बसली होती. मामा आले, आणि सवयीने आधी घंटेपाशी जाऊन त्यांनी घड्याळ पाहिले.