मध्यस्थाचा धर्म

आमच्या देवळाच्या सभामंडपात सायंकाळी जी चार मंडळी बसतात, त्यांत एक निवृत्त शिक्षक आहेत. परवा ते माझ्याकडे आले तेव्हा मी संगणकावर गाणे ऐकत होतो. संगणकाशेजारी वीतभर लांबीची एक पेटी होती आणि तिच्यातून निघालेल्या तारा ध्वनिवर्धकाकडे गेल्या होत्या. त्यांनी त्या पेटीचे प्रयोजन विचारले व मी ते सांगितले. ऐकून घेऊन ते म्हणाले, “अहो, पण एवढ्या खटाटोपाने कानाला फरक तो काय कळणार?” मी म्हटले, “खरे सांगायचे तर बहुधा काहीच नाही.” “मग जो फरक कोणालाच कळत नाही, तो टाळण्याची चिंता कशाला वाहता?” असे विचारून ते हसत हसत निघून गेले. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला, आणि तो दिसतो तितका साधा नाही, असे मला वाटू लागले.

प्रथम ती व्यवस्था कशी असते ते पाहू. संगणकात साठविलेले गाणे म्हणजे वस्तुतः आकड्यांची एक रांग असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर डाव्या व उजव्या प्रत्येक बाजूसाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदलेले असतात व प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. या आकड्यांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करणे हे त्या पेटीचे काम. तिला ‘डॅक’ म्हणतात. संगणकाच्या पोटातही असा भाग असतोच. परंतु तेथील विजेच्या गजबजाटापासून दूर, स्वतंत्र पेटीत हे काम निवांतपणे होते. अशा बहुतेक पेट्यांत कालमापनाचे स्वतःचे घड्याळ असते आणि ‘जरा सावकाश’, ‘जरा लवकर’ असे त्या संगणकालाच सांगत असतात. लय पेटीची, संगणकाने केवळ हातात आलेले आकडे तिच्या स्वाधीन करावयाचे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधील तो एक मध्यस्थ होय.

माझा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला आणि पुढील वर्षी ती अशा परवान्याखाली आणली की, तिची घडण कोणीही वाचावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी. मात्र घेणाऱ्यालाही तेच हक्क द्यावेत. या प्रणालीत ध्वनीचा कारभार ‘अल्सा’ नावाचा विभाग पाहतो. पेटीपर्यंत जाण्यासाठी त्याच्याकडे दोन वाटा आहेत. पहिलीचे नाव ‘एचडब्ल्यू’. या वाटेने आकडे जसेच्या तसे जातात आणि पेटीला ते मानवत नसतील, तर अल्सा सरळ नकार देतो. गाणे वाजतच नाही. दुसरी वाट ‘प्लगएचडब्ल्यू’. येथे नकार नाही. पेटीला जे रूप हवे असेल त्यात आकडे निमूटपणे बदलून घेतले जातात. ऐकणाऱ्याला गाणे ऐकू येते. मध्ये काही घडले याची वार्ताही त्याला नसते.

मनुष्यव्यवहारातही मध्यस्थांचे हेच दोन प्रकार आढळतात. एक म्हणतो, “निरोप आहे तसा पोचविणे मला जमणार नाही.” दुसरा निरोपाला सोयीचे रूप देतो आणि गप्प राहतो. आपण बहुधा पहिल्याला हेकट म्हणतो व दुसऱ्याला समंजस. मीही तसेच म्हणत होतो. माझे मत एका घटनेने बदलले.

१९८६ साली उत्सवाच्या निमित्ताने आमच्या देवळात वडिलांचे गायन झाले होते. त्याची एक कॅसेट घरी होती. वडील वारल्यानंतर काही वर्षांनी मी ती एका दुकानात देऊन तिची संगणकासाठी प्रत करवून घेतली. दुकानदार सज्जन होता. मूळ ध्वनिमुद्रणात खरखर फार होती, म्हणून न विचारता, अधिक पैसेही न घेता, त्याने ती ‘साफ’ करून दिली. साफ करण्याची रीत अशी असते की, जेथे केवळ खरखर आहे असा एखादा तुकडा यंत्राला नमुना म्हणून दाखवावयाचा. मग तशा प्रकारचा अखंड ध्वनी यंत्र सर्वत्र पुसून काढते. त्याने आरंभीची काही सेकंदे नमुना म्हणून घेतली. त्या सेकंदांत वडिलांनी अद्याप षड्ज लावला नव्हता. केवळ तंबोरा चालू होता. परिणामी यंत्राने खरखरीबरोबर तंबोराही पुसून टाकला.

मी ती प्रत मोठ्या हौसेने आईला ऐकविली. वडिलांचा आवाज स्वच्छ येत होता. आईने पहिली चीज पुरती ऐकली आणि विचारले, “आणि तंबोरा रे?” त्या बैठकीत वडिलांच्या मागे तंबोऱ्यावर तीच बसली होती. मी मूळ कॅसेट शोधून काढली, तेव्हा आमच्या दमट हवेत तिची फीत बुरशीने चिकटून निकामी झालेली होती.

दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. पुसले गेलेले कोणाला कळणार नाही, असे त्याला वाटले आणि हजारांतील नऊशे नव्व्याण्णवांना ते कळले नसतेही. शिक्षकमहाशयांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. ‘फरक कळत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तो कोणाला कळत नाही, हे आपण विचारीत नाही. दिलेल्या वस्तूतील कोणता अंश कोणाला मोलाचा आहे, हे मध्यस्थाला कधीच ठाऊक नसते. म्हणून तो अंश गुपचूप वगळण्याचा अधिकारही त्याला पोचत नाही.

तथापि एवढ्यावर थांबलो तर विचार अर्धवट राहील. ‘एचडब्ल्यू’च्या शुद्ध वाटेने मी गाणे लावतो तेव्हा माझी पेटी त्या एकट्या गाण्याच्या ताब्यात जाते, दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला तिच्यात प्रवेश मिळत नाही. एकदा मी असाच ऐकत बसलो असता त्याच संगणकावर नात आपला शाळेचा धडा लावू पाहत होती. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “आजोबा, माझ्या बाईंचा आवाजच येत नाही!” तेव्हा मला आपल्या घरांतील जुन्या सोवळ्याची आठवण झाली. त्या शुचितेमागील निष्ठा खरी होती; पण तिच्यासाठी दाराबाहेर कोणाला उभे राहावे लागते, इकडे सोवळ्यातील माणसाचे लक्ष क्वचितच जात असे.

सर्वांना एकाच पंक्तीला बसवावयाचे तर काही तडजोड अटळ असते. लिनक्समध्ये हे काम आज बहुतेक ठिकाणी ‘पाइपवायर’ करते. निरनिराळ्या कार्यक्रमांचे ध्वनी एकत्र करून ते पेटीकडे पाठविते व त्यासाठी सर्वांना एका मापावर आणते. मुळात हे माप सेकंदाला ४८,००० आकड्यांचे ठेवलेले आहे. कॉम्पॅक्ट डिस्कवरचे गाणे त्या मापात बसवावयाचे तर दर १४७ आकड्यांच्या जागी हिशेबाने १६० नवे आकडे काढावे लागतात. हा हिशेब इतका काटेकोर असतो की, कानाला तो सहसा जाणवत नाही. हाही फेरफारच, मग दुकानदाराच्या फेरफाराहून तो वेगळा कसा?

माझ्या मते भेद दोन गोष्टींत आहे. एक, हा फेरफार इतरांना सामावून घेण्यासाठी आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: तो लपविलेला नाही. गाणे वाजत असता लिनक्समधील एक छोटी नोंद उघडून पाहिली, तर या क्षणी पेटीला सेकंदाला किती आकडे कोणत्या रूपात मिळत आहेत, हे स्पष्ट वाचता येते. पाइपवायरने कोणकोणती मापे पाळावीत हेही आपण ठरवून देऊ शकतो. मी ४४,१०० हे माप त्याच्या यादीत घातले आहे. त्यामुळे गाणे एकटेच असेल तेव्हा ते स्वतःच्या मापाने चालते; नात आली की तिला जागा मिळते. गाणे साठविण्याच्या ‘फ्लॅक’ या पद्धतीत तर मूळ आकड्यांवरून काढलेली एक खूण फाइलीतच नोंदलेली असते आणि ती ताडून पाहिली की आकडा बदलला असल्यास उघडकीस येतो.

पडताळ्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. वेदपाठी मंडळींनी केवळ कानावर किंवा निष्ठेवर भिस्त ठेवली नाही. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी तेच शब्द उलटसुलट गुंफून म्हटले, म्हणजे एखादा शब्द ढळला तर तो लपून राहू नये. आपल्या हातून चूक होऊ शकते हे मान्य करून, ती दुसऱ्याला पकडता यावी अशी सोय त्यांनी करून ठेवली.

तेव्हा शिक्षकमहाशयांना मी आता इतकेच सांगेन की, मी चिंता वाहतो ती कानाच्या सुखाची नव्हे. जे आपल्या हातून पुढे जावयाचे आहे, ते शक्यतो आहे तसे जावे. बदलावे लागलेच तर सांगून बदलावे. आणि मूळ नष्ट होऊ देऊ नये. गाणे, निरोप, पोथी, देवस्थानाचा हिशेब, ज्याच्या हाती दुसऱ्याचे काही आहे अशा प्रत्येकाला हे लागू आहे.

आईने ती प्रत पुन्हा लावावयास सांगितले नाही. मी ती अधूनमधून लावतो. वडील स्वच्छ सुरात गातात आणि त्यांच्या मागे कोणीही नसते.