सादृश्य, संदेह, भ्रांती

पाळतीच्या कॅमेऱ्यांना जोडलेली संगणकीय विश्लेषणप्रणाली आखलेली रेषा ओलांडणारा टिपते, बेवारस वस्तू हेरते, असंख्य चेहरे न थकता ताडून पाहते. मात्र ती कोणालाही ‘ओळखत’ नाही. दोन प्रतिमांमधील साम्याचे प्रमाण तेवढे सांगते. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत तिचे विधान उपमेचे होय, आणि मम्मटाने उपमेच्या लक्षणात साधर्म्याबरोबर भेदही आवश्यक मानला आहे.

हा भेद पुसला गेला की काय घडते, हे अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात दिसले. २०१८ मधील एका घड्याळचोरीच्या अंधुक चित्रणावरून प्रणालीने वाहनचालक परवान्यावरील एक छायाचित्र पुढे केले. हा केवळ तपासाचा धागा आहे, अटकेचा आधार नव्हे, असे अहवालातच नमूद होते. तरीही ते छायाचित्र इतर छायाचित्रांत ठेवून, चोरी प्रत्यक्ष न पाहता फक्त चित्रण पाहिलेल्या व्यक्तीकडून ‘ओळख’ पटवून घेतली गेली. जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थाला सुमारे ३० तास कोठडीत काढावे लागले.

उपमा ससंदेहापाशी न थांबता भ्रांतिमान झाली, असे म्हणावे लागते. काव्यातील भ्रांतिमान आस्वाद्य ठरतो, कारण कवी आणि रसिक दोघेही भ्रमाबाहेर उभे असतात. येथे भ्रम पाहणाऱ्याचा आणि भोग दुसऱ्याचा.

प्रणालीची अचूकता वाढेल. पण ‘त्यासारखा’पासून ‘तोच’पर्यंतचे पाऊल माणूसच टाकतो, आणि त्याचे दायित्वही त्याचेच. २०२४ च्या तडजोडीत डेट्रॉइट पोलिसांनी केवळ अशा जुळणीवरून अटक न करण्याचे मान्य केले. संदेहाला त्याची जागा परत मिळाली, ती एवढ्या किमतीनंतर.